शिमग्याच्या आधीचा बंधारा

खालच्या वाडीच्या समाजमंदिरात ‘टँकरमुक्त वाडी’चे चार फलक होते, सिमेंटची तीनशे रिकामी पोती होती आणि आठ फावडी होती. वहाळावर, म्हणजे वाडीच्या ओढ्यावर, बंधारा एकही नव्हता.

लांज्यापासून आत असलेल्या या वाडीची विहीर मार्चमध्येच तळ दाखवायची. गेल्या पंचवीस एप्रिलला तिच्यात चार इंच पाणी होतं. सरपंच संध्याताईंनी निवडून आल्यावर पहिल्याच भाषणात सांगितलं होतं, “वहाळ अडवू, विहीर भरू!” टाळ्या पडल्या. त्याला दोन वर्षं झाली.

नोव्हेंबरच्या बैठकीत त्यांनी पुन्हा विषय काढला. वाडीप्रमुख आप्पा सुपारी कातरत म्हणाले, “करूया की. शिमग्याला वाडीतले मुंबईकर येतील, त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून नारळ फोडू.”

“आप्पा, शिमग्यापर्यंत वहाळ सुकतो. मग अडवायचं काय, धोंडे?”

“त्यांना सोडून नारळ फोडायचा? रुसतील ना ते!”

संध्याताईंनी कपाळावर हात मारला. दोन्ही वर्षी गाडी इथेच अडली होती.

दाराशी बसलेल्या गोदाकाकू उठल्या. “काय रे आप्पा, भात कापायला थांबलास मुंबईकरांसाठी?”

“भाताचं वेगळं गो. पिकलं की कापायलाच लागतं.”

“आणि पाण्याचं? माझी सून शकू एप्रिलात बाळंत व्हायची. भरल्या दिवसांत हंडा घेऊन घाटी चढेल ती? की तुझा अध्यक्ष येतोय हंडा उचलायला?”

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. अडकित्ता हातातच राहिला.

“आणि तू गो, संध्या? फलक लावलेस चार. पोतं एक तरी भरलंस?”

किती खरं होतं ते! आप्पा ‘हो’ म्हणतील म्हणून संध्याताईही नुसत्या थांबूनच होत्या. त्यांनी फावडं उचललं. “उद्या सकाळी मी वहाळावर आहे. कुणी येवो, न येवो.”

सकाळी त्या पोचल्या, तर आप्पा लुंगी खोचून पोत्यांत माती भरत होते.

“मुंबईला फोन केला. म्हटलं, नारळ तुमच्याच हातून, शिमग्याला. पाणी मात्र आत्ता अडवतोय.”

“रुसले?”

“थोडे.”

वाचकहो, नेत्याने स्वप्न सांगितलं आणि आपण टाळ्या वाजवल्या, की काम झालं असं आपल्याला वाटतं. पण वहाळ कुणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. त्या स्वप्नातलं जे आज हाताला लागेल, ते आजच करायला हवं.

पंचवीस एप्रिलला गोदाकाकू नातीच्या आंघोळीसाठी पाणी न्यायला विहिरीवर आल्या. संध्याताईंनी मापाची दोरी आत सोडली.

पाणी तीन फूट सात इंच.