केरी पास्कोचे घसरणारे पॅड

चाकांच्या बुटांवर, चेंडूऐवजी चकतीने खेळायच्या हॉकीत गोलकीपर कोण होतं? बाकीच्या पोरांनी लहानपणी "तू उभी राहा तिथे" म्हणून ज्याला ढकललेलं असतं, ते. केरी पास्कोलाही असंच ढकललं होतं. आता ती अडतिशीला आली, पण वॉलरू गावच्या शेडमधला गोलपुढचा तो पहारा तिने कुणाला दिला नव्हता. पाय मोडला तेव्हा सोडला तेवढाच, आणि तेव्हाही बाकावर बसून रडली होती. अशा बाईला कुणी "रविवारी तू बाहेर बस" म्हणावं का?

मर्वने म्हटलं. मर्व ट्रेझाइझ हा टीमचा कोच, मनाने बरा, पण जिभेला हाड नाही. सोमवारचा सराव संपल्यावर हातातली पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजकी करंजी, खात खातच त्याने विषय काढला.

"केरी, राग मानू नकोस. फायनलला मी टेगनला उभी करणार आहे."

"का?"

"का काय? अ‍ॅडलेडवाल्यांनी मागच्या मॅचला तीन गोल ठोकले, तिन्ही एकाच साच्यातले. या खांबाकडून मारायचा आव आणायचा, तू गुडघ्यावर बसलीस की चकती त्या खांबाकडे सरकवायची. आणि तू बसतेस तिथेच चिकटतेस, डिंक लावल्यासारखी."

"फरशीच तशी आहे."

"टेगनला काय वेगळी फरशी घालून देतो मी?"

"टेगन एकोणीस वर्षांची आहे, मर्व. ती उडी मारते."

"तेच तर म्हणतोय ना, बाई!"

फरशीचं मात्र केरी खोटं बोलत नव्हती. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर गुडघ्यावर बसून एका धक्क्यात पलीकडच्या खांबापर्यंत घसरत जातो. आमच्याकडे बर्फ असतो तो फक्त मासळीवर. शेडमध्ये निळ्या प्लास्टिकच्या फरश्या एकमेकींत अडकवून बसवलेल्या आहेत. त्यांच्यावर पॅडची आतली कड टेकली की जी पकडते ती सोडत नाही. चकती पलीकडे जाताना दिसते, डोक्याला सगळं कळतं, आणि पाय मात्र तिथेच. त्या तीन गोलांच्या वेळी केरीला तीनही वेळा आधीच कळलं होतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

"गुरुवारच्या सरावात बघ," ती म्हणाली. "या खांबापासून त्या खांबापर्यंत घसरून चकती अडवली नाही, तर टेगनच्या पॅडचे पट्टे मी स्वतः बांधून देईन."

"बघू."

"बघू नाही. हो की नाही ते बोल."

"बरं, हो! आता पेस्टी खाऊ दे मला."

मंगळवारी संध्याकाळी शेड रिकामी असताना केरी सिलिकॉनचा स्प्रे घेऊन आली. गॅरेजचं कुरकुरणारं दार ज्याने गप्प होतं, तोच. दोन्ही पॅडच्या कडांवर तिने अख्खा डबा फवारला. गुडघ्यावर बसून धक्का दिला आणि अहाहा, गेली की सरळ! पुन्हा दिला, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा धक्का द्यायला पाय रोवला, तर चाकंच निसटली आणि बाई तोंडावर आपटली. पॅडवरचा स्प्रे एव्हाना फरशीवर उतरला होता. पॅड घसरत होते, आणि ज्या चाकांनी रेटा द्यायचा तीही घसरत होती. रेट्याशिवाय घसरणार कशी? ती उठायला गेली, पुन्हा पडली.

एवढ्यात किल्ल्या घ्यायला मर्व आला. तो साध्या बुटांतच होता. "हे काय चाललंय?" म्हणत तरातरा गोलपाशी आला आणि धपकन बूड टेकवून बसला.

"केरी!"

"लागलं का रे?"

"माझं मरू दे! उद्या लहान मुलांचा वर्ग आहे इथे! एकेक पोर पडेल!"

तिला हसू आवरेना, आणि त्याने तो जास्तच भडकला. मग मात्र ती फडकं आणि गरम पाणी घेऊन आली. साबण लावून फरशी घासता घासता तिचे हात दुखून आले, पण डोकं जाग्यावर आलं. घसरण पॅडवरच राहिली पाहिजे, फरशीला लागता कामा नये. बाटलीतलं काहीही चालणार नाही. काहीतरी कडक हवं.

ते कडक काहीतरी ती रोज आठ तास पोटाशी घेऊन उभी असते, हे तिला बुधवारी समजलं. केरी बंदरावर व्हायटिंग मासे कापायच्या कामाला आहे. टेबलावर जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या पाट्या असतात, त्यांवर मासा ठेवून सुरी चालवायची. दुपारी धुतलेली पाटी जागेवर ठेवताना तिने नुसतं बोट लावलं, तर ती सुक्या टेबलावरून सर्रकन पलीकडे गेली. केरी बघतच राहिली. पुन्हा ढकलली, पुन्हा सर्रकन.

"खेळतेस काय?" टेबलाच्या पलीकडून स्टावरूला ओरडली. ती इथली सर्वांत जुनी कापणारी, सगळ्यांवर हुकूम चालवायची.

"स्टावरूला, कोपऱ्यात टाकलेल्या त्या झिजलेल्या पाट्या मी नेऊ?"

"ने की. नवऱ्याच्या डोक्यात घालणार असशील तर नवीन ने."

जेवणाच्या सुट्टीत पाटी घेऊन ती शेडमध्ये गेली. पाटीवर गुडघा टेकला, दुसऱ्या पायाच्या बुटाने रेटा दिला. पाटी तिला घेऊन निघाली, आणि फरशीवर काहीही राहिलं नाही. एकटीच होती, तरी मोठ्याने म्हणाली, "सापडलं गं बाई!"

त्या संध्याकाळी तिने पाट्यांच्या लांब पट्ट्या कापल्या, कडा कानशीने घासून गोल केल्या आणि पॅडच्या आतल्या बाजूला गुडघ्यापासून पायाच्या टोकापर्यंत भोकं पाडून सुतळीने घट्ट शिवल्या. गाठी फरशीला लागून तुटू नयेत म्हणून भोकांची तोंडं खोलगट केली. नवरा म्हणाला, घरभर मासळीचा वास सुटलाय. ती म्हणाली, नाक दाब.

गुरुवारी अख्खी टीम बघायला उभी होती. टेगनही होती, पॅड बांधून तयार. मर्वने डाव्या बाजूने मारायचा आव आणला, केरी बसली, त्याने चकती पलीकडे सरकवली. केरीने रेटा दिला आणि अशी काही सुटली, की खांबावर आदळून गोलासकट मागच्या कठड्याला जाऊन भिडली. चकती मोकळ्या जागेतून आरामात गेली.

सगळे खो खो हसले. मर्वही हसला, पण लगेच गंभीर झाला. "छान प्रयत्न केलास. पण झालं आता. टेगन, ये गं."

केरी हलली नाही.

"केरी, ऊठ."

"सरावात बघायचं ठरलं होतं. सराव संपलाय का?"

"नाही, पण..."

"मग मला करवत दे."

हेल्मेट काढून ती तिथेच फरशीवर बसली. घसरतेय, पण थांबता येत नाही. का? टोकापर्यंत प्लास्टिक आहे, पकडायला पॅडची कड उरलीच नाही. मर्वने कपाळावर हात मारला आणि हत्यारांच्या पेटीतून करवत आणली. तिने दोन्ही पॅडवरची घोट्याजवळची एकेक गाठ सोडली, पट्ट्यांची टोकं चार-चार बोटं कापून टाकली, गाठी पुन्हा आवळल्या. भार गुडघ्यावर टाकला की घसरायचं, घोट्याकडे नेला की थांबायचं. डोक्यात पक्कं होतं, पायांना शिकवायचं राहिलं होतं.

"मारा," ती म्हणाली.

पहिल्यांदा अलीकडेच थांबली, गोल झाला. दुसऱ्यांदा पुन्हा खांबावर. "मारा." कोपराचं साल निघालं. "मारा म्हणते ना!" आता कुणी हसत नव्हतं. आळीपाळीने सगळे मारत होते, मर्व घड्याळाकडे बघत होता, आणि ती जागा सोडत नव्हती. आज उठले तर कायमची उठले, हे तिला ठाऊक होतं. चकती पलीकडे सुटली. केरीने रेटा दिला, भार सरकवला, आणि खांबाला पॅड टेकवून थांबली. चकती थाडकन पॅडवर बसली.

मग टेगन म्हणाली, "आता मी मारते," आणि तिने जीव खाऊन मारली. तीही अडली. टेगनने काठी काखेत धरली आणि पॅडचे पट्टे सोडायला बसली.

"मी सांगितलं नाहीये तुला," मर्व म्हणाला.

"मला दिसतंय, मर्व."

रविवारी शेड खचाखच भरली होती. शिट्टी वाजून मिनिटही झालं नसेल, तोच अ‍ॅडलेडच्या एका उंच पोराने तोच डाव टाकला. आव आणला, केरी बसली, चकती पलीकडच्या खांबाकडे निघाली. तिथला गडी काठी उचलून तयारच होता. त्याने मारली आणि बघतो तर समोर केरी.

चकती पॅडवर आपटून तिच्या मांडीखाली दबली. मारणारा तो गडी खाली वाकून तिच्या पॅडकडे बघत राहिला. "हे काय लावलंयस?" त्याने नाक मुरडलं. "आणि वास कसला येतोय?"

"व्हायटिंग," केरी म्हणाली आणि चकती पंचाच्या हातात दिली. "चल, पुढची आण."