दुसरी रेघ

धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी मावशी स्वतःच येऊन बसली होती. कोठारात ओल शिरल्याने तिच्या मक्याच्या काही दाण्यांवर हिरवट बुरशी धरली होती. ती विषारी ठरली, तर वर्षभराच्या कष्टांची बाराही पोती नष्ट करावी लागणार होती. आणि तपासणारी होती तिची सख्खी भाची.

“माझ्या मांडीवर वाढलीस, आणि माझ्याच मक्याची झडती घेतेस?”

“मावशी, बुरशी नातं बघत नाही. गप्प बस बघू जरा!”

भाचीने प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे आधीच काढून आणले होते. त्यांचे पीठ तिने द्रावणात घुसळले, गाळले आणि त्या निवळीत कागदाची एक अरुंद पट्टी उभी केली. पट्टीवर तांबडी रेघ उमटली. थोड्याच वेळात तिच्याशेजारी दुसरीही उमटली.

मावशीने पट्टीवर बोट रोखले. “दोन? म्हणजे दुप्पट विष?”

भाचीला हसू आवरेना. “अगं, पहिली रेघ पट्टी नीट चालते एवढंच सांगते. विष मर्यादेबाहेर असतं, तर दुसरी उमटलीच नसती! डागाळलेले दाणे तेवढे निवडून टाक, बाकी मका उत्तम आहे.”

मावशीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि ती पट्टी भक्तिभावाने न्याहाळली.

“मग आणखी एक उमटव की गं!”