दहापैकी दहा

मी सोफा आहे आणि जुना आहे, हे मला पाहताक्षणीच तुमच्या लक्षात येईल. हात टेकायच्या जागी माझं कातडं भेगाळलं आहे, मागचा एक पाय झिजून आखूड झाला आहे आणि मधल्या गादीवर बसलेल्या माणसाला उठताना दोन्ही तळहात टेकावे लागतात. मित्रांनो, गोष्ट सांगायची मला सवय नाही. आयुष्यभर मी ऐकतच आलो. ऐकणारा सांगायला लागला की अडखळतो, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी सांगून बसतो. माझं तसं झालं तर सांभाळून घ्या. मला ही गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची मलाच खात्री नाही; पण माझ्याशिवाय ती सांगणारं इथे दुसरं कोणी उरलेलं नाही.

माझा जन्म एका लांबट, अंधाऱ्या गाळ्यात झाला. एका मिस्त्रीने माझा लाकडी सांगाडा जोडला आणि त्याच्या मेहुण्याने त्यावर कातडं चढवलं. दोघांचं दिवसभर वाजत असे.

"दाजी, तुमचा कोन वाकडा आहे," मेहुणा म्हणायचा.

"कोन सरळच आहे. तुझी मान वाकडी आहे," मिस्त्री हातातलं काम न थांबवता म्हणायचा.

भांडता भांडता त्यांनी मला असं घडवलं की पाच माणसं बसली तरी मी कुरकुरत नसे. शेवटी मेहुण्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा बाबा, मोठ्या लोकांत जा. आमच्या घरात तू दारातूनच आत यायचा नाहीस."

आणि खरोखरच मी मोठ्या लोकांत गेलो. अतिशय महागड्या गाड्या विकणारं एक दालन होतं. फरशी इतकी गुळगुळीत की माणसं आपल्याच प्रतिबिंबावर पाय देत चालत. गाड्यांवर दिवे असे सोडलेले की एखाद्या गाडीला नजर लागेल की काय असं वाटावं. गिऱ्हाईक आलं की विक्रेता त्याला माझ्यावर बसवी, गार पाणी आणवी आणि स्वतः समोर जवळजवळ गुडघ्यांवर येऊन बोले. "घाई नाही सर. गाडी तुमचीच आहे." इथे माणसं माझ्या अगदी कडेवर, पुढे सरकून बसत. लग्न ठरवायला आलेले पाहुणे बसतात तशी. माझं कौतुकही होई. रोज मऊ फडक्याने मला पुसत, महिन्यातून एकदा तेल लावत. ते दिवस मला चांगले आठवतात. कदाचित प्रत्यक्षात होते त्याहून चांगले आठवत असतील.

एके दिवशी एक साठीच्या बाई आल्या. साधे कपडे, पायात सपाट चपला, आणि खांद्यावर दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. शाळेच्या गणवेशांचा त्यांचा मोठा कारखाना होता. एका मशीनवर सुरू करून त्यांनी तो वाढवला होता. त्यांच्या मागून त्यांचे यजमान आले. ते निवृत्त गणिताचे मास्तर. बाईंनी गाडीकडे बघण्याआधी माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाका बघा कसा एकसारखा पडलाय. हात चांगला आहे कुणाचा तरी."

"आपण गाडी घ्यायला आलोय ना?" मास्तर म्हणाले. "का सोफा घेऊन जायचा? तोही चालेल. याला पेट्रोल लागत नाही."

विक्रेता मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. मास्तरांना गाडी चालवता येत नसे. चालवायच्या बाईच, आणि मास्तर शेजारी बसून रस्ता सांगायचे. तोही बहुतेक चुकीचा. गाडी देण्याच्या दिवशी तिच्यावर लाल रेशमी कापड घातलं होतं. बाईंनी ते ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, फोटो निघाला. मास्तर माझ्यावर बसून डोळे पुसत होते. "मेला तो फोटोवाला. दिवा डोळ्यांवरच मारतो," ते म्हणाले. खरं तर दिवा विझलेलाच होता.

पुढे माझ्या कातड्याला पहिली भेग पडली. विक्रीच्या दालनात भेग चालत नाही. मला मागच्या बाजूला, सर्व्हिसला आलेली माणसं थांबतात त्या खोलीत नेऊन ठेवलं. मधे फक्त एक भिंत, पण भिंतीअलीकडे वेगळंच जग होतं. इथे पाणी स्वतः उठून घ्यावं लागे. इथली माणसं पुढे सरकून बसत नसत. पाठ टेकून, डोळे मिटून बसत. मोठ्या काचेतून पलीकडचं वर्कशॉप दिसे. आपली गाडी वर उचललेली, चाकं काढलेली, पोट उघडं पडलेलं पाहिलं की माणूस गप्प होई. दवाखान्यात नातेवाईक बसतात, तसे ते बसत.

गाडी घेऊन वर्ष उलटलं असेल, तेव्हा बाई या खोलीत आल्या. एक तरुण ॲडव्हायझर, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेणारा आणि ती आत वर्कशॉपला सांगणारा माणूस, त्यांच्यासमोर बसला.

"चालता चालता बंद पडते," बाई म्हणाल्या. "समोरचे सगळे दिवे जातात, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मग थांबून परत सुरू केली की जसं काही झालंच नाही."

"कितीदा झालं मॅडम?"

"दोनदा. सुदैवाने गल्लीत झालं, मोठ्या रस्त्यावर नाही."

गाडी आत गेली. तिला दोष शोधणारं यंत्र जोडलं. यंत्राला काही दिसलं नाही. मेकॅनिकने एक फेरी मारून आणली. गाडी शहाण्या मुलासारखी वागली. दुपारी धुऊन पुसून, आत सुगंध फवारून ती दारात उभी केली. ॲडव्हायझर म्हणाला, "दोष सापडला नाही मॅडम. बहुतेक आता होणार नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "कंपनीतून तुम्हाला फोन येईल. दहापैकी किती गुण द्याल विचारतील. दहा सांगाल का? नऊ म्हणजे आमच्याकडे नापास."

"अरे, पण बरी झाली की नाही ते मला अजून कुठे माहीत आहे?"

"मॅडम, मागच्या महिन्यात मला दोन आठ मिळाले. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं. घरात लहान बाळ आहे माझ्या."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठल्या शाळेत होतास तू?"

त्याने शाळेचं नाव सांगितलं.

"म्हणजे तुझी निळी पँट मीच शिवलेली," त्या म्हणाल्या. त्या क्षणी, मित्रांनो, दहा गुण ठरून गेले. मी कितीतरी गिऱ्हाइकं पाहिली आहेत. रागावलेला माणूस नऊ देतो, भांडखोर दोन देतो. भला माणूस दहा देतो आणि घरी जातो.

काही आठवड्यांनी बाई परत आल्या, या वेळी मास्तरांना घेऊन. गाडी पुन्हा बंद पडली होती, आणि या वेळी चौकात. मागच्या बसने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. पुन्हा तेच यंत्र जोडलं, पुन्हा तीच फेरी मारली, पुन्हा तेच उत्तर मिळालं. आणि पुन्हा तीच विनंती. माझ्यामागच्या भिंतीवर तोवर त्या ॲडव्हायझरचा फोटो लागला होता; गुण सगळ्यांत जास्त म्हणून.

योगायोगाने कंपनीचा फोन तेव्हाच आला, त्या माझ्यावर बसल्या असतानाच. मागच्या खेपेला त्यांनी दहा दिलेच होते; हा फोन या खेपेचा.

"पाच दे," मास्तर म्हणाले. "पाचसुद्धा जास्त होतात. मी आयुष्यभर पेपर तपासले. उत्तर आलेलं नसताना पूर्ण गुण मी देवालाही दिले नसते."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "त्याची नोकरी जाईल हो."

"आणि आपली गाडी बंद पडेल."

"तो म्हणाला ना, नाही पडणार. तुमच्या हाताखाली किती पोरं नापास झाली, ती काय सुधारली?"

"थोडी सुधारली," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांनी निदान पुन्हा अभ्यास केला."

बाईंनी हात काढला आणि फोनवर सांगितलं, "दहा." काचेपलीकडून ॲडव्हायझरने मान लववून आभार मानले. मास्तरांनी पुटपुटत हातातल्या काठीच्या टोकाने माझ्या पायाशी काहीतरी उकरलं, आणि दोघं गेली.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. जे ऐकलं तेवढंच सांगतो. गाव सोडून बाहेर पडल्यावर लांबलचक चढाचा रस्ता होता. चढाच्या मधोमध गाडीचे दिवे गेले, इंजिन थांबलं. मागून भरलेला ट्रक येत होता. तो थांबायचा प्रयत्न करत होता असं सगळे म्हणतात. तो मास्तरांच्या बाजूला आदळला. मास्तर वाचले नाहीत.

चेपलेली गाडी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात आणून टाकली. ती दोन दिवस काचेतून दिसत होती. मग कोणीतरी तिच्यावर ताडपत्री घातली. दूरच्या मोठ्या कचेरीतून कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने यंत्राकडे पाहिलंच नाही. सीट काढली, गालिचा सोलला आणि अर्ध्या दिवसात दोष शोधला. सीटखालच्या लोखंडी पट्टीवर एक तार घासत होती. तिच्यावरचं आवरण झिजलं होतं, आणि गाडी विशिष्ट कोनात कलली की ती पट्टीला टेकत होती. दोन बोटं लांबीची तार.

एवढं सगळं बाईंना सांगायला मोठ्या साहेबांनी बोलावलं. बाई धाकट्या बहिणीचा हात धरून आल्या. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता. मधल्या गादीवर बसल्या. त्यांचं वजन किती कमी झालं होतं, ते मला कळलं. मोठे साहेब उभे राहूनच बोलले. आम्हाला फार दुःख आहे, वगैरे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे इंजिनिअर आधी का नाही आले?" त्यांनी विचारलं.

मोठ्या साहेबांनी ॲडव्हायझरकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता, खाली बघत.

"नियम आहे मॅडम," तो म्हणाला. "तक्रार उघडी असताना तीच गाडी परत आली, तर इंजिनिअरला बोलावतात. गिऱ्हाइकाने दहा दिले की समाधान झालं असं धरतात. तक्रार बंद होते. मग पुढच्या खेपेला ती पहिलीच धरली जाते."

"म्हणजे मी पहिल्या खेपेला पाच दिले असते तर?"

"तर दुसऱ्याच खेपेला ते आले असते."

"आणि हे तुला तेव्हा माहीत होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "मला वाटलं, परत नाही होणार."

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या.

बहिणीचा संताप आवरेना. "ताई, ऊठ. याच्याशी काय बोलत बसलीस? चल घरी."

"थांब गं जरा."

त्या बसून राहिल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या दालनात टाळ्यांचा आवाज झाला. कोणाच्या तरी नव्या गाडीवरचं लाल कापड ओढलं होतं. आज निदान टाळ्या नकोत, असं त्या दालनात कोणाला सुचलं नव्हतं. टाळ्या संपल्यावर बाईंनी एक तळहात माझ्यावर टेकला, दुसरा टेकता येत नव्हता म्हणून बहिणीने काखेत हात घातला, आणि त्या उठल्या. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.

ॲडव्हायझरही दिसेनासा झाला. त्याला काढलं की तो आपण होऊन गेला, मला माहीत नाही. त्याचा फोटो मात्र बरेच दिवस भिंतीवर होता; उतरवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या जागी नवा माणूस आला. पहिल्याच आठवड्यात त्याला एका गिऱ्हाइकापाशी आवाज खाली आणताना मी ऐकलं. "सर, कंपनीतून फोन येईल..."

आता मी मागच्या अंगणात पत्र्याखाली असतो. ड्रायव्हर मंडळी डबा खायला माझ्यावर बसतात. मला नवं कातडं घाला, माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या भेगा सगळ्यांना दिसतात. ज्या दिसत नाहीत, त्यांचं मला भय वाटतं.

मित्रांनो, वर्गात विचारतात, "समजलं का?" आणि न समजलेलेही एका सुरात "हो" म्हणतात, कारण शिकवणाऱ्याला वाईट वाटेल. डॉक्टर विचारतात, "बरं वाटतं ना?" आणि दुखत असतानाही आपण मान हलवतो. मोठे झाल्यावर तुमच्यातले काही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतील. त्यांनी गुण मागण्याआधी दुखणं विचारावं. आणि अलीकडे बसणाऱ्यांनी "नाही, अजून बरं झालेलं नाही" हे वाक्य घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघावं. ते तोंडातून लवकर निघत नाही. ऐकणारा हिरमुसेल. त्याला हिरमुसू द्या. हिरमुसलेलं माणूस संध्याकाळपर्यंत पुन्हा हसतं.