दर्भाचा कावळा

आमच्या ह्यांच्या दहाव्याला उल्हास नदीच्या घाटावर पिंड मांडला होता आणि कावळा काही शिवत नव्हता. ह्यांचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. आमची लेक इरा पायाने अधू. 'तिला कोणाच्या दारात ठेवणार नाही,' एवढं मी बोलले असते तर झालं असतं. पण माझा धाकटा दीर कमळाकर, अंबरनाथच्या कंपनीतला साहेब, मला तोंड उघडू देईल तर!

"वहिनी, मेला माणूस की संपला. पंख्याचं बटण बंद केल्यावर वारा कुठे जातो? तसंच. गुरुजी, दर्भाचा कावळा लावा आणि मोकळं करा. मला ड्युटी आहे."

गवताचा कावळा पिंडाला टेकवून माझ्या नवऱ्याची बोळवण केली. मी गिळलं, पण पचवलं नाही.

यंदा साहेबांच्या लिव्हरने हात टेकले. त्यांची बायको वृंदा फोनवर रडायला लागली, "जाऊबाई, या हो. नुसते पंख्याकडे बघत पडतात."

गेले मांजर्लीला त्यांच्या घरी. भावजींनी माझा हात घट्ट धरला. तळवा गार.

"वहिनी, तुम्ही देवाधर्माच्या. पुढे काही असतं ना हो? दादा भेटेल ना?"

एका 'हो'वर माणूस सुखाने गेला असता.

"काही नसतं भावजी. बटण बंद, वारा बंद. तुम्हीच शिकवलंत."

"अहो जाऊबाई!" वृंदा ओरडली.

"का गं? साहेब माणसाशी खोटं बोलू?"

घरी आले, ह्यांच्या फोटोपुढे दिवा लावायला बसले. पुढे काही नाही, तर मग आमचे हे तरी कुठे असायचे? असली भीती मला जन्मात शिवली नव्हती.

भावजींच्या दहाव्याला तोच घाट. कावळे झाडावर ढीगभर, खाली एक येईना. वृंदाने शब्द दिले, त्यांच्या अनीशने आईला सांभाळीन म्हणून हात जोडले. कावळे ढिम्म. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय हवंय ते मला कळत होतं. 'पुढे आहे हो भावजी, दादा आहेत,' बस.

आणि मला हसूच फुटलं. अजून हवंय, म्हणजे मागणारा कुठेतरी बसलाय. तो आहे, तर आमचे हेही आहेत!

"जाऊबाई, बोला ना काहीतरी!"

"मी काय बोलणार? गुरुजी, दर्भाचा लावा. साहेबांना तोच पटायचा."

इराला धरून मी घाट चढले. बसू दे त्याला वाट बघत. हे तिथे आहेतच, पुढचं ते बघून घेतील.