बांबूतली नाचण

सर्जापूर रोडवरच्या सोसायटीमागे, तळ्याच्या काठाला बांबूचं एक दाट बेट उरलं होतं. तिथली नाचण श्यामलाला दाखवली ती शेजारच्या महांतेशअण्णांनी. अण्णा मूळचे निपाणीकडचे, निवृत्त. पुण्याहून नव्यानं आलेल्या श्यामलाशी या कन्नड मुलखात मराठीत बोलायला मिळतं म्हणून खुशीत असायचे.

चिमणीएवढं पाखरू. धुरकट अंग, पांढरी भुवई, छातीवर पांढरे ठिपके. एका जागी म्हणून ठरायची नाही. शेपटीचा पंखा उघडून डुलायची, मध्येच झेपावून चिलट टिपायची आणि पुन्हा सावलीत शिरायची. बारीक फांदीच्या बेचक्यात तिचं कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेलं इवलंसं घरटं होतं. नर-मादी आळीपाळीनं अंडी उबवत होते.

"एवढं कुणाला सांगू नका, अक्का," अण्णा म्हणाले, आणि श्यामलानं मान डोलावली.

शनिवारी तिनं पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. कौतुकाचा पाऊस पडला. कुणीतरी जागा विचारली आणि त्या भरात तिनं नकाशाच पाठवून दिला.

रविवारी दुपारी ग्रुपवर घरट्याचे एकाहून एक स्वच्छ फोटो आले. एकातही समोरची पानं नव्हती. तिनं टाकलेल्या फोटोत ती घरट्यावर दाटून आली होती.

सोमवारी अण्णांनी नेहमीसारखी सकाळच्या फेरीसाठी हाक मारली. नाही म्हणायला तिला कारण सुचेना. बेटात डहाळ्या मोडून पडल्या होत्या. घरटं उघडं पडलं होतं, आत काहीच नव्हतं. जवळच कावळा बसला होता. नाचण कुठं दिसली नाही.

अण्णांनी एक मोडकी डहाळी उचलली. मग म्हणाले, "चूक माझीच. रोज येऊन उभारत होतो. मला बघूनच कुणाला तरी जागा कळली असणार."

श्यामलाला मान वर करवेना. परतताना ते आपल्यालाच दोष देत राहिले, इथं पुन्हा यायचं नाही म्हणाले. ते दाराला किल्ली लावायला लागले तेव्हा मात्र तिला राहवेना.

"अण्णा, तुम्ही नाही. मी फोटो टाकला, जागाही सांगितली. ग्रुपवर."

किल्ली तशीच धरून त्यांनी विचारलं, "तो फोटो काढून टाकला?"

तिनं काढला नव्हता. निघण्याआधीसुद्धा आणखी किती जणांना आवडला ते तिनं उघडून पाहिलं होतं. कानापर्यंत लाल होत तिनं फोन काढला आणि त्यांच्यासमोरच फोटो आणि नकाशा पुसून टाकला. अण्णांनी फोनकडे पाहिलं नाही. "सरी... बरं," एवढंच म्हणून ते आत गेले आणि दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या सकाळी त्यांची हाक आली नाही.