ओली झोळी

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावरील एका आरोग्य केंद्राच्या कोठारात खिळ्याला अडकून असतो. लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारे वजन आणि टोकाला वाळूची पुरचुंडी, एवढाच माझा देह.

पूर्वी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी गावच्या आरोग्यसेविका हास्रियानी यांच्या ओसरीत टांगला जाई; सारे त्यांना आदराने 'बू', म्हणजे बाई, म्हणत. मुले बसवायची झोळी रिकामीच लावून, वाळू कमीजास्त करून त्या माझी दांडी आडवी करत, म्हणजे शून्य लागे. मग मुलांची रांग लागे, मुगाची गोड लापशी शिजे. बाकीचे दिवस मी पोत्यात एकटा.

"शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं आली," असे सांगत बू भिंतीवरचा तक्ता दाखवत. जिल्ह्याहून मानपत्रही आले. मला मात्र ओसरीतून समुद्रात खांबांवर उभी बाजो लोकांची घरे दिसत. तिकडून कोणीच येत नसे.

एकदा नवी परिचारिका युलियार्ती आली. तिने विचारले, "बू, ही शंभराची यादी कशावरून केलीत?"

"घरनंबरावरून."

"आणि पाण्यावरच्या घरांना नंबर?"

"समुद्राला कोण नंबर देतंय, पोरी? यायचं तर होड्या आहेत की त्यांच्याकडे."

"होड्या पहाटेच मासे धरायला जातात. आपणच जाऊ."

"मला होडी लागते. ओकले तर तुझ्याच अंगावर," बू म्हणाल्या. पण आल्या.

तिथे एका घराच्या तुळईला मला टांगले. मुले पोहता पोहता थेट समुद्रातून वर येत आणि निथळतच झोळीत बसत. शेवटी रुस्मिनीची दोन वर्षांची सल्मी आली.

"आठ किलो चारशे," बू म्हणाल्या. "कार्डावरच्या लाल रेषेच्या वर आहे. झालं."

रेषेखालच्या मुलांनाच केंद्राकडून औषध आणि तीन महिन्यांचा आहार मिळे. रुस्मिनी हळूच म्हणाली, "वर म्हणजे बरंच ना, बू? पण हिचे काडीसारखे पाय बघा की."

मला ओरडावेसे वाटत होते, पण काट्याला दांडीशिवाय जीभ नसते. युलियार्तीने झोळी चाचपली. मग रिकामी झोळी लावून पाहिली, तर दांडी झोळीकडेच कलली.

"बू, शून्य लावलं तेव्हा ही कोरडी होती."

झोळी पिळली, सल्मीचे अंग पुसले, पुन्हा शून्य लावले. आठ किलो. रेषेच्या खाली.

बूंनी आधीची मुलेही पुसून पुन्हा तोलली. मग त्यांनी वही उघडली. "रुस्मिनी, पोरीचं पूर्ण नाव सांग. नंबर राहू दे."

तक्त्यावरचे शंभर खोडून त्यांनी एकशे एक्केचाळीस लिहिले. पाण्यावरची सगळी मुले दर वेळी सापडत नसत; टक्केवारी घसरली, पुढचे मानपत्र दुसऱ्या गावाला गेले. सल्मीच्या कार्डावरचे ठिपके मात्र महिन्यामागून महिने चढत राहिले.

मग युलियार्तीची बदली झाली. नवा विजेरी काटा आला. तो माझ्याहून अचूक आहे, फरशीवर ठेवला की शून्य स्वतःच लावतो. पण त्याला अजून कोणी होडीत ठेवलेले नाही. कोठाराच्या खिडकीतून मला ती घरे दिसतात.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत करा असे मी म्हणणार नाही. त्या नव्या काट्याला पलीकडे न्या. सोबत एक सपाट फळी घ्या, तिथली जमीन हलते. आणि आलेली मुले मोजण्याआधी, कोण आले नाही ते विचारा. सल्मीचे कार्ड माझ्या शेजारच्या फळीवर आहे. त्यावरचा शेवटचा ठिपका चार महिन्यांपूर्वीचा आहे.