माय उपाशी आहे

परळीत थर्मल वीजकेंद्राच्या बाजूने वारा सुटला की बायका दोरीवरचे कपडे ओढून घेतात, नाहीतर राख बसते आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. यशोधराने आपला पहिला गेम बनवला तो यावरच. वारा यायच्या आत कपडे काढायचे, पाणी भरायचं, कोंबड्या टोपलीखाली डालायच्या, चूल पेटवायची आणि दिवस मावळला की गल्लीत खेळणाऱ्या पोरांना घरी बोलवायचं. एवढंच. मारामारी नाही, शर्यत नाही. पडद्यावरची बाई हिरव्या लुगड्यातली, ठेंगणी, चालताना डावा पाय जरासा ओढणारी. गल्लीतल्या कुणालाच ती कोण हे विचारावं लागलं नाही.

दगडाबाई यशोधराची आई. अंगणवाडीत मदतनीस होत्या. घरोघरी फिरून पोरं गोळा करायची, त्यामुळे आवाज खणखणीत. गेमसाठी आवाज घ्यायचा ठरला तेव्हा यशोधराने दाराला वाकळा लटकवल्या, पंखा बंद केला आणि मोबाइल आईच्या तोंडापुढे धरला.

"काय म्हनू?"

"रोज म्हणतीस तेच म्हण."

"रोज तर मी शिव्या देती."

बाहेरच्या खोलीत शहादेव, यशोधराचे वडील, मोठ्याने हसले आणि ते रेकॉर्डिंग वाया गेलं. मग दगडाबाईंनी पदर सावरला, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "या रे लेकरांनो, भाकर गार व्हायलीय." दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

गेम लोकांना आवडला. पुण्यातल्या एका कंपनीने तो विकत घेतला आणि यशोधराला नोकरीही दिली. नाव, चित्रं, आवाज, सगळं कंपनीचं झालं. दगडाबाईंनी अंगणवाडीत सांगितलं, "माजा आवाज पुन्याला नोकरीला लागला."

वर्षभराने त्यांना कावीळ झाली. साधी कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं, पण ती साधी नव्हती. शेवटी शेवटी त्यांना पेजसुद्धा गिळता येत नव्हती.

त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, पाहुणे गेले, तेव्हा शहादेव मुलीला म्हणाले, "ते तुजं गेम माज्या मोबाइलात टाकून दे."

शहादेवांचं आयुष्य थर्मलमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर गेलं होतं. मोबाइल त्यांना फक्त बोलायला लागायचा. पण गेम ते चिकाटीने शिकले. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पडद्यावरच्या दोरीचे कपडे काढायचे, कोंबड्या डालायचे आणि हाक ऐकली की मोबाइल खिशात घालून स्वतः जेवायला उठायचे. यशोधराचा फोन आला की सांगायचे, "आज वारं लई होतं. पर सगळे कपडे काढले तिनं." यशोधरा पुण्यात डोळे पुसत म्हणायची, "बरं झालं, बाबा."

पहिल्या जाहिराती आल्या तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. "मधीच एक बाई येती, तोंडाला क्रीम लावती. तिचं झालं की आपलं."

पुण्यातल्या कचेरीत मात्र वेगळंच दिसत होतं. आईची हाक ऐकली की लोक समाधानाने गेम बंद करतात, असं आकडे सांगत होते. म्हणून आधी हाक जाहिरातीच्या मागे गेली. आधी जाहिरात बघा, मग हाक ऐका. त्यानंतरच्या बैठकीत गेमचे प्रमुख अमरसिंह यांनी नवी कल्पना मांडली. ते माजलगावकडचे. शांत माणूस, कुणावर कधी ओरडले नव्हते.

"बाईला भूक लागेल," ते म्हणाले. "ताट रिकामं झालं की ती पोट धरून बसेल, मग आडवी होईल. जाहिरात बघितली की ताट भरेल. आणि मोबाइलवर निरोप जाईल, माय उपाशी आहे."

यशोधराला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "सर, आपल्या गेममध्ये कुणी मरत नव्हतं."

"मरत नाहीच. झोपून राहते फक्त. मेली तर लोक गेम काढून टाकतील."

बाकीचे उठून गेल्यावर ती त्यांच्या टेबलापाशी थांबली. "ती माझी माय आहे, सर. तुम्हाला माहीत आहे. ती वारली."

"माहीत आहे," अमरसिंह म्हणाले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मला खरंच वाईट वाटतं. पण लोकांना ती त्यांची आई वाटते. मला माझी आजी आठवते, खोटं नाही सांगत. त्याच्यावरच तर चाललंय हे."

"निदान तिचा आवाज काढा. दुसरा कुणाचा घाला."

"आवाजच तर विकत घेतलाय आपण, यशोधरा."

ती भांडली. वरच्या साहेबांना भेटली, एका वकिलालाही भेटली. सही तिची होती आणि कागद कंपनीच्या बाजूचा होता. गेम बदलला. यशोधराने वडिलांना फोनवर सांगितलं, "बाबा, काढून टाका ते. आता चांगलं नाही राहिलं." ते म्हणाले, "बघू."

सणाला ती परळीला आली तेव्हा दुपार टळली होती. शहादेव खाटेवर ताठ बसले होते. समोर स्टुलावर स्टीलच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा, त्याला चार्जरची वायर. पडद्यावर कुणीतरी नाचत पत्त्यांचा जुगार शिकवत होतं. ते संपलं, कर्ज देणारा आला. तो संपला, क्रीमवाली बाई आली. शहादेव पापणी न हलवता बघत होते. बाजूला शेजारणीने आणून दिलेलं ताट झाकलेलं.

"जेवला न्हाईत का?" घरी आली की तिची बोली बदलायची.

"तिचं होऊ दे आधी."

"बाबा, असं कावून करताय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी येडा न्हाई, यशू. चित्र हाय ते, कळतंय मला. पर दवाखान्यात मी चमचा घिऊन बसायचो आन् ती तोंड फिरवायची. लई इनवलं मी तिला. एक घास बी न्हाई घेतला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. क्रीमवाली गेली होती. हिरव्या लुगड्यातली बाई उठून बसली होती आणि भाकर मोडत होती. "हितं खाती ती."

यशोधरा चुलीपाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने आपला जुना लॅपटॉप काढला, त्यात मूळ रेकॉर्डिंग होतं. वडिलांच्या कानाला हेडफोन लावले आणि दगडाबाईंची हाक ऐकवली. मध्ये कुणी नाही, काही नाही, नुसती आई. शहादेवांनी डोळे मिटून ती ऐकली. मग त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"चांगलं हाय. जपून ठेव."

स्टुलावर मोबाइल थरथरला. निरोप आला होता. त्यांनी हात लांब करून तो जवळ ओढला.

पुण्याला परतल्यावर यशोधराने नोकरी सोडली. त्याने काहीच बदललं नाही. बदललं ते पुढच्या उन्हाळ्यात. लोक कंटाळले. भुकेल्या बाईचा निरोप रोज यायला लागला की माणूस एक दिवस तो बंद करून टाकतो. कमाई घसरली आणि महिनाअखेरीला गेम बंद होणार असं कंपनीने जाहीर केलं. यशोधरा त्या दिवशी दुपारीच परळीला आली.

शहादेवांनी सूचना वाचलेली होती. "आजच हाय ना?"

"हो. संध्याकाळपर्यंत चालंल."

दोघं ओट्यावर बसले. पडद्यावर वारा सुटला, शहादेवांनी दोरीवरचे कपडे काढले. पाणी भरलं. कोंबड्या डालल्या. त्यांचं बोट आता सराईत झालं होतं. चूल पेटली आणि बाई पोट धरून बसली. त्यांनी ताटावर बोट ठेवलं.

ताट भरलं नाही. खाली बारीक अक्षरं आली. सध्या जाहिरात उपलब्ध नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. बाई आडवी झाली. त्यांनी पुन्हा दाबलं, मग मोबाइल बंद करून चालू केला, मग ओट्यावरून उतरून अंगणात जाऊन उभे राहिले, तिथे रेंज चांगली येते म्हणून. "यशू, हे बघ गं. जाहिरात यीनाच. म्या बघतो म्हनतोय ना, कोन्ती बी असू दे."

यशोधराने अमरसिंहांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"जाहिराती आज सकाळीच बंद झाल्या," ते म्हणाले. "गेम संध्याकाळी बंद होतोय." मग जरा थांबून, "ताटाचा विचार कुणी केला नाही गं. राहून गेलं."

"तिला जेवायला घाला. तुम्ही तिथून करू शकता ना?"

"माणसं दुसऱ्या कामाला लावलीत. आता कुणी नाही."

ती अंगणात आली. दोघांनी मिळून पडद्याकडे पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पोरं गल्लीत खेळत होती, त्यांना कुणी बोलावत नव्हतं. थोड्या वेळाने पडदा पांढरा झाला आणि आभाराचे दोन शब्द आले.

शहादेव ओट्यावर परत येऊन बसले.

"यशू, त्या लोकायला ठावं होतं का, ती वारली म्हनून?"

"होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन चार्जर भिंतीतून उपसला, वायर नीट गुंडाळली आणि ती हातात धरून तिथेच उभे राहिले. कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं.